हॉलिस क्रंपचं बिनवजनाचं पिस्तूल

१

"हे कोणी खरं मानणार नाही," असं म्हणत लुएला स्ट्राउड दुखरा उजवा खुबा सांभाळत खुर्चीत टेकायची. "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मीसुद्धा मानलं नसतं."

खुर्ची बर्ल टॅकेटच्या बंदुकांच्या दुकानात, मागच्या बाजूला, कॉफीच्या किटलीशेजारी होती. शेरीफच्या हाताखालच्या डेप्युटीच्या नोकरीतून मोकळी झाल्यापासून लुएलाकडे वेळ बक्कळ होता आणि ड्राय फोर्क गावाकडे गोष्टी मोजक्या होत्या. त्यामुळे एकेक गोष्ट ताणून ताणून पुरवावी लागे. तिच्या गोष्टीतला पश्चिम टेक्सासचा वारा असा, की दोरीवर वाळत घातलेली चादर संध्याकाळी तीन घरं पलीकडून घडी घालून परत आणायची. ऐकणारे तेवढं चालवून घेत. वाऱ्याबद्दल इथे कोण कोणाला खोटं पाडणार?

गोष्ट तिच्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यातली. कमरेला सरकारी पोलादी धूड वागवून वागवून तिचा खुबा कामातून गेला होता. आरशात पाहिलं की उजवा खांदा डाव्याच्या खाली दिसे. डॉक्टर म्हणाला, ते उतरवून ठेव. पण साफ उतरवून ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. आयुष्यभर तिने माणसं तुरुंगात धाडली होती, आणि धाडलेली माणसं कधीतरी घरी परततातच. म्हणून त्या मंगळवारी दुपारी ती बर्लच्या काउंटरसमोर उभी होती. तिला एक हलकं पिस्तूल हवं होतं, रोज अंगावर राहील आणि ब्लाउजखाली दिसणार नाही असं.

बर्लने हिरव्या कापडावर तीन हत्यारं मांडली. प्रत्येक वेळी तो आधी उघडून आतली पोकळी दाखवी, करंगळी घालून खात्री करी आणि मगच हातात देई. सख्ख्या आईलाही त्याने असंच दिलं असतं. पहिलं इतकं चिमुकलं, की मुठीत नाहीसं व्हावं. पण त्याचा वरचा भाग मागे ओढायला स्प्रिंग अशी चिवट, की लुएलाच्या सुजलेल्या अंगठ्याने तिथेच हात टेकले. दुसरं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. अंग हलक्या धातूचं आणि वजन तंबाखूच्या रिकाम्या डबीएवढं. बर्लने प्रामाणिकपणे सांगितलं, की ह्यातून एक गोळी झाडली की दुसरी झाडायची हौस उरत नाही, मनगट आठवडाभर शिव्या देतं. तिसरं जरा भरीव, जरा जाड.

"हलकं घेतलंस तर रोज जवळ बाळगशील आणि सराव कधी करणार नाहीस," बर्ल म्हणाला. "जड घेतलंस तर सराव करशील आणि घरी विसरून येशील. तिसरी जात अजून कोणी बनवलेली नाही."

लुएलाने तिन्ही परत परत उचलून पाहिली. आपल्याला पिस्तूल नको आहे, चार दिवस झोप हवी आहे, असं तिला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात दार ढकलून हॉलिस क्रंप आत आला.

हॉलिस म्हणजे ट्रॅक्टर विकणारा, चर्चच्या समितीवरचा, आणि पोट असं की दारातून आधी ते यायचं आणि मग तो. तीसेक वर्षं त्याने आजोबांचं फौजी पिस्तूल कमरेला लावलं. त्या वजनाने त्याची पँट घसरे, आणि दर दहा पावलांवर उजव्या हाताने ती वर खेचायची त्याला खोड लागली होती. त्याच वसंतात बर्लने त्याला दुकानातलं सगळ्यात हलकं पिस्तूल विकलं होतं. त्या दिवसापासून हॉलिस त्याचा प्रचारक झाला होता.

"कसला विचार करतेस?" हॉलिस म्हणाला. "माझं घे. सकाळी लावलं की रात्रीपर्यंत अंगावर आहे हेच कळत नाही. हे बघ."

त्याने एका हाताने पँट वर खेचली, शर्ट उचलला आणि रुबाबात कमरेच्या होल्स्टरमध्ये, पिस्तुलाच्या चामडी म्यानात, हात घातला.

हात रिकामाच बाहेर आला.

२

पहिल्यांदा त्याने होल्स्टरमध्ये बोटं घालून चाचपलं. मग खिसे. मग काउंटरखाली वाकून पाहिलं, जसं काही ते आत्ताच घरंगळून गेलं असावं. मग त्याचा चेहरा बिटासारखा झाला आणि त्याने एकच नाव घेतलं, डेल्मर इनमन.

डेल्मरने विशीत एका मित्राच्या नादाने पशुखाद्याचं दुकान लुटलं होतं. आता तो पॅरोलवर सुटून आला होता. गावातली पडेल ती कामं करायचा आणि सकाळी चर्चची झाडलोट. पॅरोलची अट साधी होती, बंदूक हातात दिसायला नको. कोणाची, कशासाठी, हा प्रश्नच नाही. त्याचा पॅरोल अधिकारी गुरुवारी यायचा होता. तोवर तक्रारीच्या कागदावर डेल्मरचं नाव आलं, की त्याला उरलेली शिक्षा भोगायला परत आत जावं लागणार होतं. आणि आपल्या मुलीला भेटायची परवानगी त्याला नुकतीच कुठे मिळाली होती.

लुएलाने सुस्कारा टाकला आणि विचारायला सुरुवात केली. हॉलिसचं म्हणणं असं. रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याने चर्चच्या अंगणात नव्या पाद्र्याला पिस्तूल काढून दाखवलं होतं. मग चर्चच्या सभागृहात सगळ्यांचं जेवण झालं. रात्री त्याने होल्स्टरसकट पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात ठेवलं, रोज ठेवतो तसं. सोमवारी दुपारी तो पँट खुर्चीवर टाकून घटकाभर आडवा झाला, आणि त्याच वेळी डेल्मर स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घरात होता. आणखी काय पुरावा पाहिजे?

सोमवारी सकाळी ते जागेवर होतं का, असं लुएलाने विचारलं.

"होतं की."

"पाहिलंस?"

"पाहायचं काय त्यात? अंगावर होतं."

"आणि आज सकाळी?"

हॉलिसचा हात पुन्हा उजव्या कमरेवर गेला आणि त्याने पँट वर खेचली. तिथे आता खेचायला लावणारं काहीही नव्हतं. लुएलाने ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं.

डेल्मरचं नाव ताबडतोब लिही, असा हॉलिसचा हट्ट होता. शेरीफची निवडणूक जवळ आली आहे आणि समितीवरची माणसं मतं देतात, हेही त्याने सुचवून पाहिलं. लुएलाने सांगितलं की निवडणूक शेरीफची आहे, तिची नाही, आणि तिला स्वतःला त्या नोकरीतून काढून टाकलं तर ती त्याला केक भाजून पाठवेल. शेवटी तह झाला. गुरुवारी सकाळपर्यंत पिस्तूल सापडलं नाही, तर नाव लिहायचं.

ती गाडीत बसली आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिली. चोर शोधायचा म्हणजे पायऱ्या चढाव्या लागणार. खुब्याला पायऱ्या आवडत नव्हत्या.

३

व्हर्नेल क्रंपने व्हरांड्यात बर्फ घातलेला चहा दिला. साखर एवढी, की चमचा आपोआप उभा राहील. नवऱ्याचं पिस्तूल गेल्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. जुन्या पिस्तुलाने दोन सोफे फाडले होते आणि चर्चच्या बाकावर ओरखडा पाडला होता. मी फेकलंय असं लिहायचं असेल तर खुशाल लिही, ती म्हणाली, पण मी फेकलेलं नाही, तेवढी अक्कल वेळेवर सुचली नाही.

लुएलाने खणाबद्दल विचारलं. व्हर्नेलला चहा नाकात जाईपर्यंत हसू आलं. खणात आम्लपित्ताच्या गोळ्या आणि सासूबाईंची कवळी. जुनं जड पिस्तूल रोज रात्री खणात जायचं, कारण ते पँटला लटकत ठेवलं तर शिवण उसवायची. पण हे हलकं आल्यापासून हॉलिस आळशी झाला होता. पँट, पट्टा, होल्स्टर, सगळं एकत्र उतरवून खुर्चीवर टाकायचं आणि सकाळी त्यातच पाय घालायचे. पिस्तुलाला हात लावायचं कारणच उरलं नव्हतं.

"मग सोमवारी दुपारी, तो झोपला होता तेव्हा?"

"मी त्याच खोलीत वाटाणे सोलत होते. घरात थंड हवेचं यंत्र तेवढ्या एकाच खोलीत चालतं. डेल्मर नळ उघडून, नळ बंद करून, मागच्या दाराने गेला. नवरा घोरत होता, मी ऐकत होते."

हे हॉलिसला का सांगितलं नाहीस, असं लुएलाने विचारलं.

"त्याने विचारलं कुठे? त्याने मला सांगितलं."

आता डेल्मरवर संशय घ्यायला जागा उरली नव्हती. लुएलाने मनातल्या मनात घरी पोचून बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या. फक्त त्याच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावं म्हणून ती चर्चमागे गेली. तो कुंपणाला पांढरा रंग देत होता. तिने विचारलं, की हॉलिसच्या पिस्तुलाबद्दल काही ठाऊक आहे का.

डेल्मरने ब्रश खाली ठेवला. हात पँटला पुसले, पुसून झाल्यावर परत पुसले.

"मी त्याला हात लावलेला नाही, मिस लुएला."

इथे लुएला ऐकणाऱ्यांकडे एकवार नजर फिरवायची आणि कॉफी ढवळायची. ज्याने पिस्तूल पाहिलेलंच नसेल, तो काय म्हणेल? कुठलं पिस्तूल? हरवलं का? कधी? तो असलं काही म्हणालाच नाही. म्हणजे ते कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं.

४

बुधवारी दुपारी तिने हॉलिसला बर्लच्या दुकानात बोलावलं. बातमी वाऱ्याआधी पोचली होती. किटलीपाशी टोप्या घातलेली सात-आठ माणसं काहीतरी विकत घेण्याचं नाटक करत उभी होती.

लुएलाने हॉलिसला मधोमध उभं केलं, हात वर करायला लावले आणि त्याची टोपी डोळ्यांवर ओढली. बर्लने त्याच जातीचं दुसरं पिस्तूल घेतलं, उघडलं, रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं. मग खेळ सुरू झाला. कधी बर्ल पिस्तूल हॉलिसच्या होल्स्टरमध्ये सरकवी, कधी नुसतंच बोटाने होल्स्टर दाबून बाजूला होई. हॉलिसने दोन-चार पावलं चालून सांगायचं, आहे की नाही.

"आहे," हॉलिस म्हणाला. होल्स्टर रिकामं होतं.

"नाही." त्यात पिस्तूल होतं.

"आता आहे. हे तर नक्की." नव्हतं.

नाणं उडवून सांगितलं असतं तरी जास्त वेळा बरोबर आलं असतं. माणसं खोकल्यात हसू लपवायला लागली. हॉलिसने टोपी भिरकावली आणि म्हणाला की ह्या पोरखेळाने काय सिद्ध होतं.

लुएला काउंटरला टेकली. तिला बसायचं होतं, पण बसलं की उठावं लागतं. तिने हळूहळू सांगितलं. रविवारी दुपारी पाद्र्याने ते पिस्तूल पाहिलं. त्यानंतर ते कोणीही पाहिलेलं नाही, हॉलिसनेसुद्धा नाही. ते अंगावर असल्याचं त्याला जाणवत होतं, हा एकच पुरावा होता, आणि त्या पुराव्याची किंमत आत्ता सगळ्यांनी पाहिली. जुन्या धुडाची सवय झालेलं त्याचं अंग पिस्तूल असलं तरी पँट खेचतं आणि नसलं तरी खेचतं. खणाची गोष्ट तर व्हर्नेलने निकालात काढली होती. रात्री पँट खुर्चीवर, सकाळी पँट अंगावर. म्हणजे रविवार दुपारपासून तो रिकामं होल्स्टर घेऊन हिंडत असू शकतो. चोराला सोमवारची वाट पाहायची गरजच नव्हती. खरं तर चोराचीही गरज नव्हती.

"आता मला कोणीतरी सांगा," ती म्हणाली. "होल्स्टर पट्ट्यालाच ठेवून माणूस नुसतं पिस्तूल कधी बाहेर काढून ठेवतो?"

एकाने बुटांकडे पाहिलं, दुसऱ्याने छताकडे. तिसऱ्याला अचानक काडतुसांच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावीशी वाटली. त्यांच्यातला एकूण एक जण उत्तर जाणत होता, कारण प्रत्येकाच्या हातून ते कधी ना कधी झालं होतं. पण बाईसमोर ते सांगायचं कसं, आणि त्याहून कठीण म्हणजे एकमेकांसमोर कबूल कसं करायचं?

अखेर बर्लने घसा खाकरला. "संडासात," तो म्हणाला. "पँट खाली करताना."

जड पिस्तूल पट्ट्यासकट फरशीवर आदळतं, आणि पँट वर घेताना हाताला ओझं लागतं, त्यामुळे ते विसरणं शक्यच नसतं. हलकं असलं की ते घसरून पडू नये म्हणून माणूस काढून समोरच्या कठड्यावर ठेवतो. मग उठतो, पट्टा आवळतो, हात धुतो आणि निघून जातो. अंगाला काहीच कमी झाल्यासारखं वाटत नाही. ह्याच गुणासाठी तर ते घेतलेलं असतं.

रविवारी चर्चमध्ये मेव्हिस डॉबने घेवड्याचं तिखट कालवण आणलं होतं. ते हॉलिसने किती वेळा वाढून घेतलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता सगळे त्याच्याकडे बघत होते. बिटाचा रंग उतरून त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. दुसऱ्या कोणाच्या आधी त्यालाच आठवलं होतं. सोमवार ते शुक्रवार त्याच सभागृहात सकाळी बालवाडी भरते.

त्या संडासाच्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं.

५

लुएलाने त्याला फार वेळ तसं ठेवलं नाही. ती आदल्या संध्याकाळीच तिथे जाऊन आली होती. तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल काढून हिरव्या कापडावर ठेवलं.

तिने सांगितलेली हकीकत अशी. सोमवारी सकाळी, पोरं यायच्या आधी, डेल्मर फरशी पुसायला गेला. पाहतो तर संडासातल्या कठड्यावर भरलेलं पिस्तूल. ते उचललं तर तुरुंग. कोणाला सांगितलं तर पहिला प्रश्न हा, की तुला कसं ठाऊक आणि तू हात लावला होतास का. त्याने दार ओढून घेतलं, एका पुठ्ठ्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत "नादुरुस्त, वापरू नये" असं लिहून दारावर लटकवलं आणि कोणीतरी विचारायला येईल म्हणून वाट पाहत राहिला. लुएला गेली तेव्हा पाटी दारावर होती आणि पिस्तूल हॉलिसने ठेवलं तिथेच, तसंच, भरलेलं. त्याला कोणीही हात लावला नव्हता. कागदावरही तिने हेच लिहिलं.

हॉलिसने पिस्तूल घेतलं, पण खिशात घातलं नाही. काउंटरवरच ठेवून म्हणाला, बर्ल, हे परत घे. पुढच्या रविवारी तो आजोबांचं फौजी धूड लावून चर्चला आला, उजवीकडे कलून, पँट सावरत. जाता जाता कुंपणापाशी तो डेल्मरसमोर थांबला. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. फार काही नसावं, कारण त्याला घाम मात्र बराच फुटला होता.

पॅरोल अधिकारी गुरुवारी आला, कॉफी प्याला, उकाड्याला शिव्या देऊन गेला. आणि लुएलाने बर्लकडून तिसरं पिस्तूल घेतलं, जाड आणि भरीव. खुबा दुखतो तोवर कळतं तरी की ते आहे, असं ती म्हणाली, आणि घरी जाऊन एकदाची झोपली.

एवढ्यावर गोष्ट संपायची, आणि ऐकणारे समाधानाने कप खाली ठेवायचे. गावात डेल्मरचं नाव त्यामुळेच झालं होतं. मोहासमोर हात मागे बांधून उभा राहिलेला माणूस, असं पाद्री प्रवचनातसुद्धा सांगे.

मागच्या आठवड्यात लुएलाने ती पुन्हा सांगितली. गावात नव्याने आलेला जनावरांचा तरुण डॉक्टर ऐकायला होता. त्याची बायको त्याच बालवाडीत शिकवत होती. दुकानातलं थंड हवेचं यंत्र गळत होतं म्हणून बर्लने डेल्मरला बोलावलं होतं. तो छताशी शिडीवर उभा राहून पाईप आवळत होता. ह्या वसंतात त्याचा पॅरोल, सगळ्या अटींसकट, संपला होता. कागद हातात आला त्या दिवशी त्याने तो कोणाला दाखवला नाही, नुसता मुलीकडे जेवायला गेला.

डॉक्टर जरा घुटमळला आणि म्हणाला, की एक कळलं नाही. सोमवार सकाळपासून मंगळवार संध्याकाळपर्यंत भरलेलं पिस्तूल तसंच कठड्यावर होतं? पोरं तिथे असताना?

"दारावर पाटी होती ना," लुएला म्हणाली आणि कॉफीचा कप तोंडाला लावला.

वर पान्याचा आवाज थांबला.

"पाटी होती, मिस लुएला," डेल्मर शिडीवरून म्हणाला. "पण चार वर्षांच्या पोरांना वाचता येत नाही."

कोणी वर पाहिलं नाही. तो सावकाश खाली उतरला, एकेक पायरी, आणि हात पँटला पुसत उभा राहिला.

"मी ते उचललं. दोन्ही हातांनी. गोळ्या काढल्या, बॉयलरच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि वर बादली पालथी घातली. आणि कुंपणापाशी तुम्ही विचारलंत तेव्हा पहिल्याच वाक्यात हे सगळं तुम्हाला सांगून टाकलं होतं. हात लावला नाही, असं मी कधी म्हणालोच नाही. इतकी वर्षं काय खोटं सांगताय तुम्ही लोकांना?"